रेडीमेड मीट स्टॉक: फ्रोझन घ्यावा की बरणीतली पेस्ट?

बदक नाहीतर लॅम्बचा स्टॉक, म्हणजे हाडं उकळून काढलेला अर्क, घरी करायला हाडं आणि वेळ दोन्ही नसतं, मग विकतचा कुठला घ्यायचा असं विचारलंयस ना, तर पुढून पाकीट बघूच नकोस, उलटं करून घटक वाच.

चव म्हणशील तर फ्रोझनच. त्यात हाडं, पाणी, भाज्या एवढंच असलं तर उत्तम, आणि वितळवून फ्रीजमध्ये ठेवल्यावर जेलीसारखा थरथरला की समज जिलेटिन (हाडांतून उतरणारा चिकट पदार्थ) भरपूर आहे, सॉस आटवला की ओठाला चिकटतो तो त्यामुळेच. पेस्टमध्ये बऱ्याचदा पहिलं नाव मिठाचंच, बदक कुठेतरी शेवटी शेवटी, काहींत तर नुसता फ्लेवर! आटवायला गेलास की खारट ढाण, पाणी आटतं पण मीठ थोडीच जातं.

टिकायला मात्र पेस्ट भारी, उघडलेली बरणी फ्रीजमध्ये कितीतरी दिवस राहते, चमचाभर काढली की काम झालं. फ्रोझन एकदा वितळवला की ३-४ दिवसांत संपवायचा, शिवाय फ्रीजरमध्ये जागा अडते. महागही तोच.

सॉस, रिसोटो (इटालियन मऊ भात), स्टू करणार असशील तर फ्रोझन, तोही बिनमिठाचा. डाळीत, ग्रेव्हीत नुसता जोर आणायचा असेल तर पेस्ट घे, फक्त वरून मीठ घालायच्या आधी चाखून बघ.