शिकाऊ वायरमनचं टूलकिट: नग भरपूर, टेस्टर कच्चा

अप्रेंटिसशिपच्या पहिल्या वर्षासाठी म्हणून मिळणाऱ्या तयार किटमधलं सामान बहुतेक ठरलेलं असतं: निऑन टेस्टर, २०० मिमीची पक्कड, साइड कटर, स्ट्रिपर (वायरचं आवरण सोलणारा), स्क्रूड्रायव्हर, साधा क्रिम्पर (वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवणारा) आणि स्वस्तातला मल्टिमीटर. नग मोजून किट घेणाऱ्याची फसगत इथेच होते.

पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर सहसा बरे निघतात. फक्त मुठीवर रंगीत प्लास्टिक आहे म्हणून ते इन्सुलेटेड समजू नयेत. दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असला तरच तसं धरायचं.

खरी गोची टेस्टरची. निऑन दिव्यासोबत साधारण १ मेगओहमचा रेझिस्टर असतो आणि सर्किट पूर्ण होतं धरणाऱ्याच्या अंगातून. त्यामुळे रबरी तळव्याचे बूट घालून कोरड्या लाकडी शिडीवर उभं राहिलं, की वायर लाइव्ह असूनही दिवा मिणमिणतो, कधी पेटतच नाही. भर उन्हात तर पेटलेलाही दिसत नाही. उलटी गंमत न्यूट्रल तुटल्यावर. होल्डरमध्ये बल्ब आहे, स्विच चालू आहे, तर फेज फिलामेंटमधून पलीकडे येतो आणि दोन्ही टोकांना टेस्टर पेटतो. शिकाऊ पोरगं ‘डबल फेज येतोय’ म्हणत स्विचबोर्ड उघडून बसतं. तुटलेला न्यूट्रल राहतो तसाच.

म्हणून दोन प्रोबचा व्होल्टेज टेस्टर वेगळा घ्यावाच. वरच्याच बिघाडात तो फेज-न्यूट्रलला काही दाखवत नाही, फेज-अर्थला पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि न्यूट्रल-अर्थलाही जवळपास तेवढंच. दोष लगेच कळतो. प्रोबचं उघडं टोक ४ मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर बोर्डात शेजारच्या टर्मिनलला टेकून भडका उडतो. सप्लाय बंद करून काम करताना टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासायचा, मग बंद केलेल्या वायरवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. ही तिसरी तपासणी सगळेच टाळतात. मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल, तर ते कळायला दुसरा मार्ग नाही.

मल्टिमीटर कंटिन्युइटी (वायर कुठे तुटलेली नाही ना, हे बघणं) शिकायला पुरेसा. बोर्डावर वापरायचा तर कॅट थ्री (बोर्ड-वायरिंगवरचे व्होल्टेजचे झटके सोसणारी श्रेणी) ६०० व्होल्ट लिहिलेला हवा. लाल लीड १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये राहून व्होल्टेज मोजायला गेलं, की सरळ शॉर्ट. इन्सुलेशन तपासायला तो कामाचा नाही, त्याला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन टेस्टरच लागतो.

स्ट्रिपर ठीक. दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिमीची) वायर एकच्या खाचेत घातली की तारा तुटतात, पण तो दोष हाताचा.

क्रिम्परवर मात्र काट मारा. पकडीसारखा साधा क्रिम्पर किती दाबायचा हे मनगटावर सोडतो. लग वरून बसलेला दिसतो, लोड आल्यावर तापतो आणि इन्सुलेशन तपकिरी पडतं. रॅचेटवाला पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. लाल लग ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५, पिवळा ४ ते ६ स्क्वेअरला. क्रिम्परच्या खाचाही याच रंगांच्या असतात. दाबून झाल्यावर वायर ओढून बघायची. निसटली तर तोच लग पुन्हा दाबू नये, कापून नवा घालावा.