वाडीतल्या मुलांसाठी जमवलेला निधी: खर्चायचा, राखायचा की धंद्याला लावायचा?

कोकणातल्या गावांच्या मुंबईकर मंडळांपुढे हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. मुलांसाठी म्हणून वर्गणी निघते, कुणी निवृत्तीच्या पैशांतून मोठी रक्कम देतं, आखातातले दोघं-तिघं भर घालतात आणि दहा-बारा लाख जमा होतात. मग सभेत तीन तट पडतात. एक म्हणतो, चालू असलेल्या कामाला देऊन टाका. दुसरा म्हणतो, बँकेत ठेवा आणि व्याजावर काम चालवा. तिसरा, बहुधा तरुणांचा, म्हणतो की दान म्हणून देऊच नका, गुंतवा. कोकम-काजूचं युनिट काढा, बायकांच्या हाताला काम मिळेल आणि नफ्यातून मुलांचं काम कायमचं चालेल.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तुलना करायची तर माझ्या मते पहिला प्रश्न हा: ज्या वर्षी गावावर संकट येईल, त्या वर्षी मुलांचं काम चालू राहील का? कोकणात असं वर्ष येतंच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. चौदा महिन्यांत तीन तडाखे. याच काळात शाळा बंद होत्या आणि मुलांना आधाराची सगळ्यात जास्त गरज होती.

आधी खर्च कशाचा असतो ते पाहू. समजा अंगणवाडी लांब पडते अशा वाडीवर पंचवीस मुलांची बालवाडी आणि संध्याकाळी मोठ्यांचा अभ्यासवर्ग चालवायचा आहे. ताईचं मानधन ८,००० रुपये, मदतनीस बाईंचं ४,०००, दिवसाला मुलामागे दहा रुपयांचा खाऊ धरला तर चोवीस दिवसांचे ६,००० आणि साहित्य, वीज, किरकोळ दुरुस्ती मिळून २,०००. महिन्याला वीस हजार, वर्षाला २ लाख ४० हजार. यात निम्म्याहून जास्त रक्कम माणसांची आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्यांचं शैक्षणिक साहित्य बिया, पानं, शिंपले असं परिसरातच मिळणारं होतं. त्या कामाला खरी गरज होती ती रोज येणाऱ्या, शिकलेल्या, मुलांवर जीव असलेल्या बाईची. आजही तीच आहे. म्हणून इमारत, रंगरंगोटी, कमान आणि देणगीदारांच्या नावांचा फलक यांवर निधी संपवायचा प्रस्ताव आला तर मी त्याला स्पष्ट विरोध करीन. शिवाय ज्या जिल्हा परिषद शाळेचा पट वीसच्या खाली आला आहे, तिथे नवी खोली बांधून देण्याआधी ती शाळा पाच वर्षांनी तिथे असेल का, हे मुख्याध्यापकांना विचारायला हवं.

आता पहिला मार्ग, थेट देणगी. बारा लाख हातात आहेत आणि वर्षाला २ लाख ४० हजार खर्च आहे, म्हणजे पाच वर्षं काम पूर्ण ताकदीने चालतं. हा मार्ग सरळ आहे. पैसा पहिल्या दिवसापासून मुलांपर्यंत पोचतो. ताईला पाच वर्षांची खात्री देता आली तर चांगली ताई मिळते आणि टिकते. दरवर्षी ‘यंदा बघू’ म्हणत दिलेल्या देणगीत ही खात्री नसते, म्हणून थेट द्यायचं असेल तर किमान तीन वर्षांचं लेखी आश्वासन द्या. उणीव उघड आहे: सहाव्या वर्षी तिजोरी रिकामी, आणि तोवर मंडळातले पुढाकार घेणारे दमलेले असू शकतात.

करसवलतीचं आकर्षण मात्र फार धरू नका. ८०जी नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीत अशा संस्थेला दिलेल्या देणगीची साधारण निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ही वजावट नाही, आणि आता बहुतेक नोकरदार नव्या प्रणालीतच आहेत. दोन हजारांवरची रोख देणगी तर कुठल्याच हिशेबात धरली जात नाही.

दुसरा मार्ग मूळनिधीचा, ज्याला संस्थांमध्ये सगळे कॉर्पस म्हणतात. मुद्दल हलवायचं नाही, व्याज खर्चायचं. बारा लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला ८४,००० रुपये. वर दिलेल्या खर्चात ते चार महिने पुरतात. केवळ व्याजावर पूर्ण काम चालवायचं तर साधारण ३४ लाखांचं मुद्दल हवं. हा आकडा सभेत पहिल्यांदा मांडला की चेहरे उतरतात, पण तो मांडलाच पाहिजे. शिवाय खर्च जागचा हलत नाही असं थोडंच आहे! पाच टक्क्यांनी वाढत गेला तर आजचे महिना वीस हजार दहा वर्षांनी साडेबत्तीस हजारांवर जातात, आणि मुद्दल तेवढंच राहतं. कायद्याने धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के कामावर खर्चावे लागतात, उरलेले १५ टक्के शिल्लक टाकता येतात. ते १५ टक्के न चुकता शिल्लक टाकत जाणं ही महागाईशी झुंजायची छोटी पण खरी सोय आहे.

तरीही मला मूळनिधी आवडतो, कारण त्याचा आंब्याच्या मोहोराशी संबंध नाही. अवकाळी पाऊस पडो, तुडतुडे पडोत, व्याज ठरल्या तारखेला जमा होतं. उरलेले आठ महिने भरून काढायला मासिक वर्गणी लावता येते. हिशेब असा: २ लाख ४० हजारांतून ८४,००० वजा केले की १ लाख ५६ हजार उरतात. महिना शंभर रुपये देणारी १३० माणसं मिळाली की ते भरतात. गावाबाहेर नोकरी करणारी १३० माणसं बऱ्याच गावांतून निघतात. शंभर रुपये बँकेतून आपोआप वळते व्हावेत अशी सूचना प्रत्येकाने एकदाच देऊन ठेवायची. दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरण्यात कार्यकर्त्यांची निम्मी शक्ती जाते.

तिसऱ्या मार्गावर जरा थांबतो, कारण तो सगळ्यात आशादायक वाटतो आणि त्यातल्या अडचणी सभेत कुणी उलगडत नाही. लोकांनी दिलेला पैसा सामाजिक गुंतवणूक म्हणून लावायचा, तो धंद्यातून परत यावा आणि पुन्हा कामाला लागावा, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी सामान्य माणसांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला, त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा मिळाला आणि १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. संगमेश्वरची एक शाळा आजही पैसा फंडाचं नाव लावते. पण पैसा देणाऱ्यांना तिथे कारखानाच हवा होता, देशी उद्योग हाच हेतू होता. आपल्याकडे पैसा देणाऱ्याला मूल दिसत असतं आणि धंदा हे त्याच्यापर्यंत पोचायचं साधन असतं. साधन बुडालं की मूलही उघड्यावर येतं.

कोकमाचंच घ्या. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. आणून देणाऱ्याला पैसे तिथल्या तिथे मोजावे लागतात, नाहीतर तो माल व्यापाऱ्याकडे जातो. फळं फोडायची, गर वेगळा करायचा, त्याच्या रसात मीठ घालून साली बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा टाकायच्या. अशी पुटं दिल्यावर काळंभोर, लवचीक आमसूल तयार होतं. हे सगळं मोकळ्या उन्हावर अवलंबून. मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव सुरू झाला आणि माल अर्धवट ओला राहिला की त्याला बुरशी येते. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि सरबताला बाटल्या, साखर, लेबलं यांचा खर्च विक्रीच्या आधीच होतो. दुकानदार माल ठेवून घेतो, पण पैसे दोन-तीन महिन्यांनी देतो. म्हणजे जूनमध्ये, जेव्हा मुलांना छत्री, वह्या, रेनकोट लागतात, तेव्हा गटाचा सगळा पैसा बरणीत आणि उधारीत अडकलेला असतो. काजूची तऱ्हा वेगळी: तिथे परदेशातून येणाऱ्या बियांमुळे भाव कसा फिरेल यावर गावातल्या बचतगटाचा काहीच ताबा नसतो.

चांगलं चालणारं युनिट वर्षाला मुद्दलावर दहा टक्के निव्वळ नफा काढतं असं उदारपणे धरलं, तर बारा लाखांवर १ लाख २० हजार, खर्चाच्या बरोबर निम्मे. मूळनिधीच्या व्याजापेक्षा जास्त, हे खरं. पण ते पहिल्या-दुसऱ्या वर्षी येत नाहीत आणि वादळाच्या वर्षी मुळीच येत नाहीत. बाग आडवी झाली की बायकांची मजुरी गेली, घरचं उत्पन्न गेलं आणि बालवाडीचा पैसाही त्याच दिवशी गेला. माझा आक्षेप आहे तो एवढ्याचसाठी. मुलांचा आधार आणि आईबापांची कमाई एकाच फांदीवर बांधू नये.

बायकांचा उद्योग व्हायलाच हवा, कारण आईच्या हातात पैसा आला की त्यातला मोठा वाटा मुलांवर खर्च होतो हे कुठल्याही वाडीत दिसतं. पण यंत्रं आणि शेड यासाठी मुलांचा निधी वापरायची गरज नाही. त्यासाठी बँकेचं कर्ज, उमेद या सरकारी अभियानातले बचतगट आणि २०२० मध्ये सुरू झालेली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना आहे. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान आणि गटातल्या सदस्यामागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद केली गेली. अर्ज घेणं चालू आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा. मंडळाने मदत करायचीच तर विक्रीची करावी. दिवाळीच्या महिनाभर आधी मुंबईतल्या सभासदांकडून मागणी आणि आगाऊ पैसे गोळा करून दिले तर गटाची उधारीतून सुटका होते, आणि त्यात मुद्दल बुडायची भीती जवळपास नसते.

कायद्याची बाजूही पक्की बघा. नोंदणीकृत न्यासाचा, म्हणजे ट्रस्टचा, पैसा मनाला येईल त्या धंद्यात किंवा खासगी कंपनीच्या समभागांत लावता येत नाही. तो शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे अशा ठरलेल्या जागीच ठेवावा लागतो. न्यासाने मंडळाबाहेर जाऊन लोकांना ‘तीन वर्षांनी व्याजासह परत’ असं सांगून रक्कम घेतली तर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा आड येतो. ज्यांना धोका पत्करून गटाला हंगामापुरतं बिनव्याजी उसनं द्यायचं आहे, त्यांनी ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर द्यावं. मुलांच्या निधीत ते मिसळू नये.

शहरात चर्चेत असलेले आणखी दोन प्रकार थोडक्यात. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर, म्हणजे शेअर बाजाराच्या सामाजिक संस्थांसाठीच्या विभागात, संस्था ‘झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल’ नावाचे रोखे काढतात. व्याज नाही, मुद्दलही परत नाही, म्हणजे खरं तर ती देणगीच, फक्त कामाचा अहवाल दरवर्षी जाहीर करायची सक्ती असते. २०२५ पासून हजार रुपयांतही भाग घेता येतो. पण तिथे नोंदणीसाठी संस्थेचा वर्षाचा खर्च किमान ५० लाख लागतो, त्यामुळे वाडीवरच्या बालवाडीला तो दरवाजा बंद आहे. दुसरा प्रकार परिणामांवर बांधलेल्या रोख्यांचा. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ मध्ये एज्युकेट गर्ल्स या संस्थेचं काम असं चाललं: यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी पैसा घातला आणि मुलींची शाळेतली नोंदणी व शिकणं ठरल्याप्रमाणे वाढल्यावर दुसऱ्या दात्या संस्थेने तो परताव्यासह फेडला. शिकण्याचं उद्दिष्ट तिथे १६० टक्के गाठलं गेलं. कौतुकास्पद आहे. पण त्याला बाहेरचा मूल्यमापक आणि पैसा फेडणारी मोठी संस्था लागते, बारा लाखांच्या मंडळाचं ते काम नाही. त्यातून उचलण्यासारखं एकच: वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येक मुलाला काय येतं याची नोंद ठेवा.

तुमच्याकडे बारा लाख असतील तर मी असं करीन. आठ लाख मूळनिधीत, कायमचे. चार लाख पहिल्या तीन-चार वर्षांच्या खर्चाला, तोवर मासिक वर्गणीची १३० नावं भरायची, आणि व्याज कमी पडेल म्हणून त्याहून थोडी जास्तच. या चारांतले पन्नास-साठ हजार संकटासाठी वेगळ्या ठेवीत, ज्याला वादळ-पुराशिवाय हात लावायचा नाही. धंद्याला शून्य. मंडळाकडे पन्नास लाख असते तर मी वेगळा विचार केला असता, कारण तेव्हा एक वाटा बुडाला तरी बालवाडी बंद पडत नाही.

नवा न्यास काढायचा मोह टाळा. नोंदणीपुरती माणसं मिळतात, पण दरवर्षीचं ऑडिट, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट, आयकराची नोंदणी हे सगळं वीस वर्षं कोण करणार? जिल्ह्यात मुलांचं काम करणारी जुनी संस्था शोधा. तिच्याकडे शेड्यूल-१ चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, ताजा उतारा आणि मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल मागा. उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांचीच नावं असतील तर थांबा, तिथे सहीचा वाद कधीही उभा राहू शकतो. स्वतः वर्गणी गोळा करणार असाल तर धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१क ची, वर्गणी गोळा करायची परवानगी घ्या, गणपती मंडळं घेतात तीच. आणि मुद्दलासाठी दिलेल्या प्रत्येक रकमेसोबत ‘ही देणगी मूळनिधीसाठी आहे’ असं सहीचं पत्र जोडा. ते नसेल तर रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाते आणि ८५ टक्के खर्चायचा नियम तिला लागतो.

आखातातल्या गावकऱ्यांबद्दल सभेत नेहमी शंका निघते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही, तो निर्धास्त घ्या. पासपोर्ट परदेशी झाला असेल तर मात्र माणूस गावचाच असला तरी संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी असल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका, आणि अशी नोंदणी असलेल्या दुसऱ्या संस्थेकडून वळवून घ्यायचा मार्गही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे.