घराच्या आवारात फोर-बाय-फोर केलेली फोर्ड ई-३५० : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

२००१ सालची, ६.८ लिटर व्ही-टेन इंजिनाची माझी फोर्ड ई-३५० व्हॅन मूळची मागच्या दोन चाकांवर चालणारी होती. डेन्व्हरजवळच्या माझ्या घराच्या ड्राइव्हवेवर सात महिन्यांचे शनिवार-रविवार खर्चून मी ती चारही चाकांवर आणली. त्याला आता चौदा महिने झाले असून त्यानंतर गाडी सुमारे १७,००० मैल, म्हणजे २७,००० किलोमीटरच्या आसपास चालली आहे. काम पूर्ण झाल्याच्या आनंदात लिहिलेले अनुभव मी सुरुवातीला भरपूर वाचले होते. मला हवे होते ते वर्षभरानंतरचे, आणि ते फारसे सापडले नाहीत, म्हणून हा लिहीत आहे.

फोर्डने ही व्हॅन कारखान्यातून फोर-व्हील-ड्राइव्ह कधी दिलीच नाही. पेनसिल्व्हेनियातील क्विग्ली, कॅलिफोर्नियातील स्पोर्ट्समोबील यांच्यासारख्या कंपन्या तयार व्हॅन घेऊन तिच्यात हा बदल करून देत आल्या. मी दोन ठिकाणी चौकशी केली तेव्हा सांगितलेली रक्कम माझ्या अंदाजाच्या दुपटीहून बरीच अधिक होती. गरज मात्र खरी होती. कोलोरॅडोत आय-७० महामार्गाच्या डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात फोर-व्हील-ड्राइव्ह नसलेल्या गाडीला बर्फाचे टायर तरी लागतात, नाहीतर साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात. शिवाय युटातील कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानातल्या व्हाइट रिम या शंभर मैलांच्या कच्च्या वाटेवर लो-रेंज, म्हणजे संथ पण जोरदार चालीचे गिअर, असलेल्या उंच फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीखेरीज चारचाकीला प्रवेशच नाही. ती वाट डोळ्यांसमोर ठेवूनच मी हा उद्योग आरंभला.

पहिला निर्णय मला आजही बरोबर वाटतो : सुटे भाग चार ठिकाणांहून गोळा करण्याऐवजी मी एक अख्खा ट्रक विकत घेतला. तो व्हॅनच्याच सालाचा, त्याच इंजिनाचा आणि त्याच ४आर१०० गिअरबॉक्सचा, पण फोर-व्हील-ड्राइव्ह असलेला फोर्डचाच सुपर ड्यूटी ट्रक होता आणि कोलांटी खाऊन भंगारात निघाला होता. टू-व्हील-ड्राइव्ह गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि शेपटाकडचे आवरण वेगळे असते, त्यामुळे तोच ठेवायचा तर गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागतो; ट्रकमुळे गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, जोडीनेच मिळाले. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकाच गाडीचे असल्याने दोन्हींचा गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे लागतात तो आकडा, सारखा, ३.७३, होता आणि ही बाब सोयीपुरती नाही. पुढे ३.७३ आणि मागे ४.१० असे बसले, तर पुढची-मागची चाके सतत एकमेकांशी भांडत राहतील आणि कोणता तरी दात तुटेपर्यंत ते भांडण मिटणार नाही. ट्रक ३,२०० डॉलरला पडला. त्याचे इंजिन आणि दरवाजे विकून १,९०० डॉलर परत आले. सगळा खर्च मिळून ८,७०० डॉलरच्या घरात गेला.

जुना ट्रक घेणाऱ्याने एक गोष्ट तपासावीच. त्या वर्षांतल्या सुपर ड्यूटीच्या पुढच्या बाजूस डॅना ५० किंवा डॅना ६० असे दोन अ‍ॅक्सल आढळतात. लांबून ते सारखेच दिसतात, परंतु डिफरन्शियलच्या, म्हणजे मधल्या गिअरच्या गोळ्याच्या, ओतीव कवचावर आकडा उठवलेला असतो. मी चिखल खरवडून तो ६० असल्याची खात्री केली आणि मगच पैसे मोजले.

मागचा अ‍ॅक्सल बदलण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. तो बदलावा लागला ४.९ मिलिमीटरमुळे. व्हॅनच्या चाकाला आठ नट १६५.१ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, तर १९९९ नंतरच्या सुपर ड्यूटीला तेच आठ नट १७० मिलिमीटरवर असतात. अंतर नखाएवढे असले तरी चाक बसत नाही, आणि मागे-पुढे वेगवेगळी चाके असली की स्टेपनीही दोन बाळगाव्या लागतात. त्यामुळे ट्रकचा मागचा अ‍ॅक्सलही घेतला आणि त्यावरच्या पाट्यांच्या बैठका कापून व्हॅनच्या मापाने नव्याने लावल्या. ते वेल्डिंग आणि चासीवरच्या ब्रॅकेटचे वेल्डिंग मी स्वतः केले नाही. मला टाका घालता येतो, पण जिथे टाका सुटला तर चाक निखळते तिथे हौस चालत नाही. त्यासाठी परवानाधारक वेल्डर घरी बोलावला. चासीला वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढाव्यात आणि अर्थचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावावा, नाहीतर इंजिनाचा संगणक जळण्याची भीती असते.

गाडी किती उंच करायची हे आपण ठरवतो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते डिफरन्शियल ठरवते. व्हॅनची मूळची पुढची मांडणी, म्हणजे दोन आडव्या बीम आणि कॉइल स्प्रिंग, काढून टाकून तिथे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे बसवले, की इंजिनाखालचा आडवा खांब आणि डाव्या बाजूचा डिफरन्शियलचा गोळा समोरासमोर येतात. पाटे पूर्ण दबले तरी त्यांच्यात फट उरली पाहिजे. हे माप गाडी उभी असताना घेऊन उपयोग नाही, अ‍ॅक्सल बंपस्टॉपपर्यंत, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीपर्यंत, वर रेटूनच घ्यावे लागते. माझ्या गाडीत ते सहा इंचांवर आले. (व्हॅन आधीच गॅरेजच्या सात फुटी दारात जेमतेम शिरत होती. हे काम आत केले असते तर ती बाहेर काढण्यासाठी दार फोडावे लागले असते.)

इथवरच्या कामाला ताकद आणि वेळ लागतो, पण ते जमते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, आणि ती गाडी सरळ चालवण्याची होती. पहिल्या महिन्यात ताशी ४५ मैल वेगाने एका पुलाच्या सांध्यावरून जाताना पुढची चाके अशी थरथरू लागली की स्टिअरिंग हातात राहीना. गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ती थरथर थांबली नाही. इकडे या प्रकाराला डेथ वॉबल म्हणतात आणि त्या शब्दात अतिशयोक्ती नाही. माझ्या बाबतीत कारणे दोन निघाली. ट्रॅक बारच्या, म्हणजे पुढचा आस आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याच्या, बोल्टचे छिद्र मी किंचित मोठे पाडले होते, ही शुद्ध माझी चूक. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे होते : कॅस्टर, म्हणजे सायकलचा चिमटा जसा मागे कललेला असतो तसा चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा कल, फक्त दीड अंश भरला होता. पाट्यांखाली पाचरी घालून मी तो चार अंशांवर नेला, बोल्ट घट्ट बसेल असे नवे ब्रॅकेट केले, आणि त्यानंतर आजवर तो प्रकार घडलेला नाही.

पण अखंड अ‍ॅक्सलमध्ये काहीही फुकट मिळत नाही. कॅस्टर आणि पिनियन, म्हणजे ड्राइव्हशाफ्ट ज्याला जोडला जातो तो गिअर, एकाच कवचाला जखडलेले असतात. कॅस्टर वाढवण्यासाठी अ‍ॅक्सल मागे कलवला की पिनियनचे तोंड खाली जाते आणि पुढच्या ड्राइव्हशाफ्टचा कोन बिघडतो. पाचरी घातल्यावर फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये ताशी ५० मैलांच्या पुढे खालून गुरगुर येऊ लागली. मी ती तशीच ठेवली आहे. कारण पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब बसवले आहेत. ते मोकळे असले की महामार्गावर पुढचा शाफ्ट फिरतच नाही, आणि ते जोडलेले असतात तेव्हा मी ५० मैलांच्या वर जात नाही. सरळ चालणारी गाडी आणि गुळगुळीत शाफ्ट यांतले एकच पूर्णपणे मिळणार असेल तर निवड अवघड नव्हती. ट्रकचे मूळचे हब व्हॅक्यूमवर आपोआप जुळणारे होते. ते काढून हाताचे लावल्यामुळे बर्फात खाली उतरावे लागते, एवढाच त्रास.

मागच्या शाफ्टने अधिक सतावले. ट्रान्स्फर केसमुळे मधले अंतर कमी झाले आणि दोन तुकड्यांच्या जागी एकच शाफ्ट बसवता आला. तो कापून, समतोल साधून घेण्याचे काम बाहेर दिले आणि ते चोख झाले. तरीही ५८ ते ६५ मैलांच्या वेगात गाडीची फरशी गुणगुणत असे. दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे, म्हणजे आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला क्रॉस म्हणतात त्याचे, कोन एकमेकांना उत्तर देणारे हवेत. एका अंशाच्या आतबाहेर चालते, माझ्याकडे अडीच अंशांचा फरक होता. मी कोन मोजले होते, आणि नीटच मोजले होते, पण रिकाम्या व्हॅनमध्ये. नंतर पलंग, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या चढल्यावर मागचा भाग खाली बसला आणि सगळे माप बदलले. आता गाडी भरून पुन्हा मोजले, पाचर बदलली आणि आवाज गेला. हा धडा मला चार महिन्यांनी मिळाला. वाचणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी घ्यावा.

आता प्रत्यक्ष वापर. बर्फात गाडी निघते चांगली, थांबते मात्र पूर्वीइतकीच, हे मी स्वतःला दर हिवाळ्यात नव्याने सांगतो. ग्रेट सँड ड्यून्स उद्यानातल्या मेडानो पासच्या वाटेवर खोल वाळू आहे आणि ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. तिथे टायरची हवा वीस पौंडांपर्यंत उतरवल्यावर व्हॅन बोट चालावी तशी चालली. हवा न उतरवता केलेल्या पहिल्या प्रयत्नात ती दोनशे फुटांत रुतली होती. चारही चाके फिरत होती आणि चारही खड्डे खणत होती. डिफरन्शियलच्या श्वासनळ्या मी आधीच वर नेऊन ठेवल्या होत्या, त्यामुळे ओढ्यानंतर तेलात पाणी सापडले नाही.

व्हाइट रिम मागच्या ऑक्टोबरात परवाना घेऊन तीन दिवसांत पूर्ण केली. मर्फी हॉगबॅकच्या चढावर मला या साऱ्या खटाटोपाचे मोल कळले, आणि उतारावर ते जास्त कळले. पहिल्या गिअरचा रेशो २.७१ आणि अ‍ॅक्सलचा ३.७३ मिळून दहाच्या आसपास होतो. ट्रान्स्फर केसची लो-रेंज २.७२ ची, त्यामुळे तोच आकडा साडेसत्तावीसवर जातो. सामानासह ३,८०० किलोची व्हॅन ब्रेकला जवळजवळ न शिवता माणसाच्या चालीने दरडीवरून खाली येते. मला आज कोणी विचारले की पुढची चाके ओढतात याचा फायदा अधिक की लो-रेंजचा, तर मी विचार न करता लो-रेंज म्हणेन.

तोट्यांची बाजूही आहे. पेट्रोल पूर्वी गॅलनला १२.५ मैल पुरत होते, आता १०.८, म्हणजे लिटरला ५.३ किलोमीटरवरून ४.६ वर आले. टायर साडेतीस इंचांवरून पावणेतेहेतीस इंचांचे झाल्यामुळे ३.७३ चा रेशो व्यवहारात साडेतीनच्याही खाली गेल्यासारखा वागतो, आणि अकरा हजार फुटांवरच्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना गिअरबॉक्स सतत दुसरा-तिसरा करत राहतो. त्या ट्रकांत ४.३० चा रेशोही मिळत असे. तशा ट्रकसाठी दोन महिने थांबायला हवे होते. स्पीडोमीटर ६० दाखवी तेव्हा जीपीएसवर साडेचौसष्ट भरत असे, तो प्रोग्रॅमरने दुरुस्त करून घेतला. वळण्याचा घेर वाढला आहे, आणि बाजाराच्या पार्किंगमध्ये तो रोज जाणवतो. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली तेव्हा तिला आत चढताच येईना; "ही गाडी आहे की माडी?" असे तिने विचारले, आणि त्याच आठवड्यात मी खाली उतरणारी पायरी लावली.

उंचीचा गंभीर भाग वेगळा आहे. याच जातीच्या पंधरा आसनी व्हॅन भरलेल्या असताना उलटण्याचा धोका वाढतो, असे इशारे अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने २००१ पासून दिले आहेत. माझी व्हॅन आखूड आणि कमी आसनांची असली, तरी सहा इंच वर गेलेले वजन विसरता येत नाही. छतावर मी काहीही ठेवत नाही, पाण्याची टाकी फरशीला टेकून बसवली आहे, आणि वळणावर मी मागच्यांचा हॉर्न ऐकून घेतो. विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती पहिल्याच आठवड्यात दिली.

भारतातल्या मित्रांनी फोर्स ट्रॅव्हलरवर असे करता येईल का, असे विचारले. यंत्राच्या दृष्टीने उत्तर काहीही असो, मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. तिथे हा खर्च आरटीओच्या दारात संपेल. ज्याला डोंगरातच जायचे आहे त्याने सरळ कारखान्यातून फोर-बाय-फोर निघणारी गुरखा घ्यावी.

चौदा महिन्यांत देखभाल म्हणून ट्रान्स्फर केसचे तेल दोनदा बदलले, पहिल्यांदा पाचशे मैलांवर, आणि त्यात पितळी चुरा नव्हता. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या शंभर मैलांनंतर चक्क अर्धा फेरा फिरले. त्यानंतर दर तेलबदलाला पाना लावून पाहतो. पुढच्या शॅकलचे, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे, रबरी बुश झिजले असून ते येत्या महिन्यात बदलायचे आहेत. नवे बुश आणून ठेवले आहेत. मात्र ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळल्याशिवाय गाडीखाली झोपण्याची माझी तयारी नाही.