स्पूलची पिन काढण्याचे हत्यार आणि ६२३ बेअरिंग: खाऱ्या पाण्यात गरवणाऱ्यांसाठी परीक्षण

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या भागात मी जिताड्यासाठी गरवतो (गळाने मासे पकडतो) आणि त्यासाठी वापरत असलेले बेटकास्टिंग रीळ, म्हणजे गळाच्या काठीवर बसणारे दोरी गुंडाळायचे यंत्र, पावसाळ्यात चार महिने कपाटात ठेवलेले असते. यंदा ते बाहेर काढले तेव्हा हँडल व्यवस्थित फिरत होते, पण क्लच दाबून स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली फिरकी, मोकळा केला की तो खरखरत दोन-तीन फेऱ्यांत थांबत होता. आत राहिलेले मीठ पावसाळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि सर्वांत आधी स्पूलची दोन्ही बेअरिंगे गंजून अडकतात. माझ्या रीळात त्यांपैकी एक ५×११×४ मिलिमीटरचे असून ते स्पूलच्या दांड्यावर बसते, तर दुसरे ३×१०×४ मिलिमीटरचे असून ते बाजूच्या झाकणातल्या खळग्यात तारेच्या क्लिपने अडकवलेले असते.

दांड्यावरचे बेअरिंग काढण्यात खरी अडचण पिनेची आहे. दांड्याला आरपार भोक पाडून त्यात एक बारीक पिन घट्ट बसवलेली असते आणि ती निघाल्याशिवाय बेअरिंग सरकत नाही. काही वर्षांपूर्वी मी हीच पिन खिळ्याने आणि लहान हातोडीने ठोकून काढली होती. पिन निघाली, पण दांडा किंचित वाकला आणि त्यानंतर जोरात फेकताना स्पूल थरथरत राहिला, म्हणून अखेरीस नवा स्पूल घ्यावा लागला. त्या नुकसानीची आठवण ताजी असल्यामुळे या वेळी मी पिन काढण्याचे खास हत्यार ऑनलाइन मागवले. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, सोबत माहितीपत्रकही नाही, आणि टपालखर्चासह ते मला ६५० रुपयांना पडले.

हत्याराची रचना साधी आहे: दांडा टेकवायला खाच, समोर स्क्रूला बसवलेली बारीक सुई आणि स्क्रू फिरवायला मूठ. पिनेच्या बरोबर मध्यावर सुई आणून मूठ सावकाश फिरवली की धक्का न बसता पिन पलीकडे सरकते, आणि माझ्या मते या हत्याराचे सगळे मोल या एका गोष्टीत आहे. पहिल्या प्रयत्नात मात्र सुई तिरकी लागून वाकली. सोबत दोन जादा सुया दिलेल्या आहेत, त्यामुळे काम अडले नाही. तरीही सुईचे पोलाद याहून कणखर असायला हवे होते. गंजलेल्या पिनेला आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल लावून ठेवावे आणि खाचेत दांड्याखाली जाड कागदाची घडी ठेवावी, म्हणजे ओरखडा पडत नाही. पिन परत बसवताना ती दोन्ही बाजूंना सारखी बाहेर राहील याची खात्री करावी, कारण एका बाजूला जास्त राहिलेली पिन पिनियनच्या (हँडलची गती स्पूलला देणाऱ्या लहान दातेरी चाकाच्या) खाचेत नीट बसत नाही.

झाकणातल्या बेअरिंगसाठी हे हत्यार उपयोगाचे नाही, हे विकत घेणाऱ्याला आधी ठाऊक असावे. तिथला खळगा मागून बंद असल्यामुळे बेअरिंग मागून ढकलता येत नाही. क्लिप सुईने काढली, तेल मुरू दिले, मग हेअर ड्रायरने झाकण हाताला सोसवेल इतके गरम केले आणि बांबूची निमुळती काडी बेअरिंगच्या भोकात घट्ट खुपसून हळूहळू हलवत ओढली. तिसऱ्या खेपेला बेअरिंग बाहेर आले. माझे झाकण ॲल्युमिनियमचे आहे आणि ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, म्हणून पकड सैल होते. झाकण प्लास्टिकचे असेल तर ऊब फारच जपून द्यावी.

नव्या बेअरिंगांबाबत सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. ३×१०×४ या मापाचा बाजारातला क्रमांक ६२३ आहे आणि बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात तो सांगितला की माल ओळखला जातो. मात्र सहसा हाती पडते ते साध्या क्रोम पोलादाचे असते आणि खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही. स्टेनलेस हवे असेल तर क्रमांकाच्या आधी ‘एस’ हे अक्षर आहे का ते पाहावे. लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत येथे फसवी ठरते, कारण बेअरिंगसाठी वापरले जाणारे ४४०सी जातीचे स्टेनलेसही चुंबकाला चिकटते. म्हणून मी दोन विक्रेत्यांकडून एकेक नग जास्त घेतला आणि दोन्ही नग खाडीच्या पाण्यात बुडवून, बाहेर काढून रात्रभर उघड्यावर ठेवले. सकाळी एकाच्या कडेवर तांबूस ठिपके होते, दुसरा स्वच्छ होता. रीळात अर्थातच दुसऱ्याच्या जोडीचे बेअरिंग गेले. महागडी सिरॅमिक गोळ्यांची बेअरिंगे मी मुद्दाम टाळली, कारण त्यांतल्या गोळ्या गंजत नसल्या तरी आतली आणि बाहेरची कडी पोलादाचीच असते.

नवे बेअरिंग खळग्यात बसवताना दाब बाहेरच्या कडीवर आणि दांड्यावर चढवताना आतल्या कडीवर द्यावा. उलट केल्यास दाब गोळ्यांवर येतो आणि कड्यांना खड्डे पडतात. बसवण्यापूर्वी मी आतले जाड ग्रीस धुऊन पातळ तेलाचा एकच थेंब टाकला. फेक लगेच लांबली, पण पातळ तेल मिठापुढे फार दिवस टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन वेळा गरवून आल्यानंतर तेल द्यावे लागते आणि मी ते देतो.

खाऱ्या पाण्यात बेटकास्टिंग रीळ नियमित वापरणाऱ्याने हे हत्यार अवश्य घ्यावे, आणि शक्य असल्यास जादा सुया जास्त देणारा विक्रेता निवडावा. वर्षातून एकदाच तळ्यावर जाणाऱ्याला त्याची गरज नाही. स्पिनिंग रीळाच्या स्पूलला अशी पिनच नसते, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी हा खर्च करू नये.