शाळेच्या ग्रंथालयातला ऑनलाइन डेटाबेस: वर्षभर वापरल्यावर

रिन्यूअलचं कोटेशन आलंय आणि आकडा गेल्या वेळेपेक्षा चांगलाच फुगलाय, तेव्हा आता लिहूनच टाकते. कंपनीचं नाव घेत नाही. माध्यमिक शाळांना विकतात तसं, अनेक डेटाबेस एकत्र बांधून दिलेलं पॅकेज आहे. त्यात नियतकालिकं किती, विश्वकोश किती, हे माहितीपत्रकात असतंच.

माझं खरं दुखणं लिंकचं आहे.

इतिहासाच्या सरांनी एक छान लेख शोधला, ॲड्रेस बारमधून लिंक उचलली आणि वर्गाला दिली. संध्याकाळी मुलांनी घरून उघडली तर ‘सेशन संपले आहे’. ॲड्रेस बारमध्ये दिसतो तो पत्ता तात्पुरता असतो, त्यात त्या वेळच्या सेशनचा नंबर असतो. कायमची लिंक वेगळ्या बटणामागे आहे. कॉम्प्युटरवर ते बटण निदान कडेच्या पट्टीत दिसतं, फोनवर तीन टिंबांच्या आत दडलेलं. बरं, ती लिंक दिली तरी गंमत संपत नाही. शाळेत आयपी, म्हणजे शाळेच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, ओळखून पासवर्डशिवाय आत घेतात. घरी लॉगिन मागतात आणि लॉगिन झाल्यावर लेखाऐवजी मुखपृष्ठावर नेऊन सोडतात. शोधा पुन्हा पहिल्यापासून! कोणतं पोर शोधतंय? ते सरळ गूगलवर जातं, आणि आपण भरलेली वर्गणी गेली पाण्यात.

कंपनीच्या मदत-केंद्राकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. उत्तरात मदतीच्या पानाचा मजकूर चिकटवला आणि तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. शेवटी एका भल्या माणसाने सांगितलं, की कायमच्या लिंकच्या आधी शाळेच्या लॉगिनचा पत्ता जोडला जायला हवा, आणि ॲडमिन पॅनेलमधली ती जागा रिकामी आहे. ती भरायची होती कुणी? खातं सुरू करून देताना त्यांच्याच माणसाने. भरल्यापासून लिंक घरूनही थेट लेखावर जाते, हे कबूल. पण तोवर निम्म्या शिक्षकांनी नाद सोडला होता. म्हणून ट्रायल घेताना बाकी काही नाही पाहिलंत तरी चालेल, एका लेखाची लिंक स्वतःला पाठवा आणि दुसऱ्या दिवशी घरून, फोनवर, उघडून बघा.

‘फुल टेक्स्ट’ या शब्दावरही फार विसंबू नका. नियतकालिक यादीत असतं, पण ताज्या अंकांवर प्रकाशकाची बंदी असते, बऱ्याचदा वर्षभराची. तेवढ्या काळाचा नुसता सारांश मिळतो. जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहातही बऱ्याच नियतकालिकांना अशी सरकती मर्यादा असते, साधारण 3 ते 5 वर्षांची, पण ते ती उघड सांगतात. इतिहासाला याने काही बिघडत नाही. चालू घडामोडींवरच्या प्रकल्पाला मात्र फटका बसतो.

वाचनपातळीच्या फिल्टरचं मी सुरुवातीला सगळ्यांकडे कौतुक करत होते. आता तेवढं करत नाही. लेक्साइल हे माप वाक्यांची लांबी आणि शब्द किती प्रचलित आहेत यावर निघतं. कल्पना किती अवघड आहे हे त्याला कळत नाही. छोट्या वाक्यांतलं तत्त्वज्ञान त्यात ‘सोपं’ ठरतं. उलट, वाचून दाखवण्याची सोय मला निव्वळ दिखावा वाटली होती. वाचनात अडखळणारा एक मुलगा कानात इअरफोन घालून, रंगत जाणाऱ्या ओळींवर बोट फिरवत अख्खा लेख संपवताना पाहिला आणि ते मत मागे घेतलं. संदर्भ बनवून देणारं बटण ठीक आहे, पण जुन्या लेखांची शीर्षकं सगळी कॅपिटल अक्षरांत उतरतात आणि मुलं तशीच चिकटवतात.

आता पैशांचं. रिन्यूअलच्या वेळी सेल्सवाला ‘तुमच्याकडे एवढे सर्च झाले’ म्हणून आलेख दाखवतो. भुलू नका. एकच शोध पॅकेजमधल्या प्रत्येक डेटाबेसवर धावतो आणि प्रत्येकाच्या खात्यात मोजला जातो. ‘काउंटर’ या प्रमाणानुसारचा अहवाल मागा आणि त्यात ‘युनिक आयटम रिक्वेस्ट’ हा आकडा बघा. मुलाने एकाच बैठकीत लेख आधी वेबपानावर आणि मग पीडीएफमध्ये उघडला, तर ‘टोटल’मध्ये दोन धरतात, ‘युनिक’मध्ये एकच. वर्गणीला त्या आकड्याने भागलं तेव्हा एकेक लेख केवढ्याला पडला ते कळलं, आणि चिडचिड झाली. पॅकेजमधले काही डेटाबेस तर वर्षभरात कुणी उघडलेच नव्हते.

फुकटात बरंच मिळतं. शिक्षणशास्त्रासाठी एरिक हा डेटाबेस आहे, खुल्या नियतकालिकांसाठी 2003 पासून डीओएजे ही ऑनलाइन सूची आहे, आणि जेस्टोरने 2011 मध्ये अमेरिकेतले 1923 पूर्वीचे व इतर देशांतले 1870 पूर्वीचे लेख सगळ्यांना खुले केले. पण हे मोठ्यांसाठी लिहिलेलं. सातवी-आठवीच्या मुलाला डीओएजेवर सोडलं तर ते दहा मिनिटांत कंटाळतं. त्यांच्यासाठी निवडून, सोपं करून ठेवलेल्या साहित्याचेच पैसे द्यायला मी तयार आहे, बाकीच्या भरताडाचे नाही.

तसंच कळवलंय: विश्वकोश आणि खालच्या वर्गांचा डेटाबेस ठेवतो, उरलेले काढा, आपोआप रिन्यू होण्याचं कलम वगळा आणि वार्षिक वाढीला मर्यादा लेखी द्या. त्यावर ‘पॅकेज सुटं करता येत नाही’ असं उत्तर आलंय. मी दुसऱ्या कंपनीची ट्रायल सुरू केली आहे, लिंक काल स्वतःला पाठवली, आज फोनवर उघडली.