पेपर एका पिल्लाचे, पिल्लू दुसरेच : कारवान विकत घेणाऱ्यांनी वाचावे

४१,००० रुपये मोजून मी जे पिल्लू सांगलीला घरी आणले ते कारवान या देशी जातीचे कुत्रे नाही, त्याच्याबरोबर मिळालेले नोंदणीपत्र त्याचे नाही, आणि ओळखीसाठी कातडीखाली घालायच्या ज्या मायक्रोचिपचे १,५०० रुपये माझ्याकडून वेगळे घेतले गेले ती चिप त्याच्या अंगात कधी घातलीच गेली नव्हती. हिशेब असा : पिल्लाचे ३२,०००, पेपरचे म्हणजे जातीच्या नोंदणीपत्राचे ५,५००, चिपचे १,५०० आणि मालकी माझ्या नावावर करून देण्याचे २,०००. यांपैकी २१,००० मी मोबाइलवरून पाठवले आणि २०,००० रोख दिले. रोख रकमेची पावती मागितली तेव्हा ‘घरचाच माणूस समजा की, वहिनी’ असे उत्तर आले. पुढे प्रत्येक टेबलावर मला ऐकवण्यात आले की त्या २०,००० रुपयांचा पुरावा नाही, म्हणजे ते दिलेच नाहीत. रोख मागणाऱ्याकडून कुत्रे घेऊ नका; एवढे एकच लक्षात राहिले तरी पुरे.

‘दिखाव्यासाठी महागडे कुत्रे घ्यायला गेलीस, मग भोग’ असे म्हणणारे नातेवाईक मला पुष्कळ भेटले, म्हणून हे सांगणे भाग आहे की मला जर्मन शेफर्ड किंवा हस्की नको होता. आपल्या हवेत धापा टाकणारी ती केसाळ जनावरे पाळणाऱ्यांविषयी माझे मत चांगले नाही. मला आपल्याच मुलखातले कुत्रे हवे होते. कारवान म्हणा किंवा मुधोळ म्हणा, जत आणि सोलापूरच्या माळरानावर मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी राखलेली, मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेली ही जात माझ्या माहेरच्या मळ्यावर मी लहानपणापासून पाहिलेली आहे. २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले तेव्हा वडिलांनी ते जपून ठेवले होते. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये भारतीय जातींचा उल्लेख केला आणि त्यानंतर या कुत्र्यांना जी मागणी आली तिच्याबरोबरच ही नवी जमात उगवली, जिला कुत्र्यांतले काही कळत नाही पण फोटो कसा काढायचा ते कळते. मला ते कुत्रे डॉग शोमध्ये उतरवायचे होते. शोसाठी नोंदणी लागते, नोंदणीसाठी पेपर लागतात, आणि पेपरसाठी मी ‘ब्रीडर’कडे, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडे गेले. मेंढपाळाकडून घेतले असते तर अस्सल पिल्लू याच्या चौथ्या हिश्शाच्या किमतीत मिळाले असते, हे मला माहीत होते. पेपरांनीच माझा घात केला.

जतच्या पुढे, सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याचे शेड होते. सगळे जाणकार सांगतात त्याप्रमाणे मी पिल्लाची आई पाहायला मागितली, आणि त्याने ती लगेच दाखवली. ती कारवानच होती, यात आजही मला शंका नाही : लांब निमुळते तोंड, खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, चाबकासारखी शेपटी. अशी देखणी कुत्री समोर उभी राहिल्यावर माणसाचे डोळे तिच्या चालीवर जातात, पोटाखाली जात नाहीत. पण माझे गेले होते. तिची आचळे सपाट होती, एकदाही व्यायलेली नसावी अशी. लग्नाआधी वर्षानुवर्षे म्हशींची धार काढलेल्या बाईला दुभते जनावर आणि भाकड जनावर यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. मी विचारलेही. तो म्हणाला, ‘दूध तोडून आठवडा झाला, वहिनी, आटलंय आता.’ सहा-सात आठवड्यांनी पिल्ले दूध सोडतात, हे खरे असल्यामुळे मला ते पटले. परंतु दूध आटले तरी पिल्लांनी ओढलेली आचळे आठवड्यात पूर्ववत होत नाहीत, काही काळ लोंबतातच, हेही मला तितकेच माहीत होते. त्याहून मोठी खूण म्हणजे पिल्लू जमिनीवर सोडल्यावर तिच्याकडे गेलेच नाही, आणि ते जवळून गेले तेव्हा तिने दात दाखवले. दूध तोडू पाहणारी आई पिल्लांवर गुरकावते, हे कारण या वेळी त्याला सांगावेही लागले नाही. ते मीच मनात तयार करून ठेवले. त्या क्षणी गाडीत बसून परत फिरले असते तर आगाऊ दिलेले ५,००० रुपये गेले असते आणि ३६,००० वाचले असते. ते ५,००० बुडतील या भीतीनेच मी थांबले, आणि म्हणून आगाऊ रक्कम मागणारा माणूस का मागतो ते आता मला नीट कळले आहे.

लसीच्या कार्डाविषयी थोडक्यात. त्यावर तारीख होती, सही होती आणि ‘पशुवैद्य’ एवढाच शिक्का होता. खऱ्या नोंदीत लसीच्या बाटलीवरचे बॅच क्रमांकाचे लेबल सोलून चिकटवलेले असते आणि शिक्क्यात डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेकडील नोंदणी क्रमांक असतो. माझ्या कार्डावर दोन्ही नव्हते. घरी आणल्यावर आठवड्याच्या आत पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, विष्ठेच्या तपासणीत पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग निघाला आणि सलाइन, इंजेक्शने व दवाखान्यातले दिवस मिळून ११,६५० रुपये झाले. ते वाचले, ही आमच्या डॉक्टरांची कृपा. पार्व्होची लक्षणे संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, म्हणजे रोग त्याच्या शेडमधूनच आला असणार, असे मी फोनवर सुनावले तेव्हा तो म्हणाला की शहरातले पाणी पिल्लांना मानवत नाही.

जातीचा संशय यायला मात्र वेळ लागला, आणि त्यासाठी मी स्वतःला दोष द्यायला तयार नाही. दोन महिन्यांचे कारवान आणि दोन महिन्यांचे कारवानाशी मिसळलेले गावठी पिल्लू शेजारी ठेवले तर भलेभले फसतात. सगळीच गोंडस, सगळ्यांचीच पोटे गोल. नोंदणीपत्रावर रंग ‘फॉन’ म्हणजे फिकट पिवळसर लिहिला होता आणि पिल्लू गडद तपकिरी होते, तेव्हा ‘वाढताना रंग उघडतो’ हे स्पष्टीकरण मिळाले. पाचव्या-सहाव्या महिन्यात रंग उघडला नाही, उलट शेपटी पाठीवर वळली, कान अर्धवट उभे राहिले आणि छाती खोल होण्याऐवजी आडवी भरली. तरीही घरात मी सांगत राहिले की सगळी पिल्ले सारख्या गतीने वाढत नाहीत.

शोच्या ठिकाणी प्रवेशाच्या टेबलावर कागदावरचा क्रमांक आणि कुत्र्यातली चिप जुळवतात. स्कॅनर फिरवला, वाजला नाही. चिप दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली घालतात आणि ती कधीकधी सरकते, म्हणून त्या सज्जन माणसाने मान, खांदे, पुढचे पाय, बरगड्या असे सगळे अंग तपासले. मागे रांग वाढत होती. रांगेतले लोक माझ्या कुत्र्याच्या शेपटीकडे पाहत होते आणि मग सभ्यपणे दुसरीकडे पाहत होते. प्रवेश, प्रवास धरून त्या दिवशीचे १,२०० रुपये गेले, त्यांचे मला काही नाही. पण ते पाहणे आणि न पाहणे मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ८०० रुपये देऊन एक्स-रे काढला. चिप एक्स-रेमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी स्पष्ट दिसते, त्यामुळे ‘चिप बिघडली असेल’ या सबबीला जागा राहत नाही. एक्स-रेमध्ये काहीही नव्हते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी भांडायला जाण्याआधी एक्स-रे काढून त्यावर तारीख आणि डॉक्टरांची सही घ्यावी.

मग पेपर खरे कसे निघाले? नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे चौकशी केली तेव्हा कळले की क्रमांक अस्सल आहे, आईबाप अस्सल आहेत, त्या वेताची नोंदही आहे. हा व्यवहार असा चालतो : वेतात पिल्ले नऊ दाखवायची, जगतात पाच, आणि उरलेल्या चार नोंदणीपत्रांना शरीरे शोधायची. माझ्या हातातला कागद बहुधा एका मेलेल्या पिल्लाचा आहे. म्हणून कागद खरा आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो याच पिल्लाचा आहे का, हे विचारायचे असते, आणि त्याचे उत्तर पंधरा आकडी चिपच देऊ शकते. पैसे देण्याआधी, त्याच्या शेडमध्ये, तुमच्या स्कॅनरने. त्याच्या स्कॅनरने नव्हे. ओळखीच्या दवाखान्यातून तो तासाभरासाठी मागून नेता येतो. लाज वाटली तर डॉक्टरांना फी देऊन बरोबर न्या.

विक्रेत्याने पहिल्या फोनला ‘चिप गळून पडली असेल’ असे सांगितले, दुसऱ्या फोनला ‘तुमच्या कुत्र्याला तुम्हीच खायला घालून बिघडवले’ असे सांगितले आणि त्यानंतर माझा क्रमांक ब्लॉक करून टाकला.

आता तक्रारीचे. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की व्यवहार जत तालुक्यात झाला, तिकडे जा. तिकडे गेले तर सांगण्यात आले की त्याचे गाव सीमेपलीकडचे आहे, शिवाय प्रकरण दिवाणी स्वरूपाचे आहे. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीची व्याख्या स्पष्ट आहे. मी दोन्ही कलमे छापून नेली होती. त्या कागदांकडे न पाहता तिथल्या साहेबांनी विचारले, ‘बाई, कुत्रं भुंकतंय ना? मग काय बिघडलं?’ आणि सगळी खोली हसली. एखाद्या पुरुषाने ४१,००० रुपयांचा बनावट मोटारपंप घेतला असता तर तीच खोली हसली नसती. अदखलपात्र नोंद करून एक चिठोरे हातात दिले, त्यात माझ्या नावाचे स्पेलिंग चुकलेले आहे. १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर पैसे मी स्वतःहून पाठवले आणि वस्तू मिळाली, तेव्हा हा सायबर गुन्हा नव्हे, असे उत्तर मिळाले. ठाण्यात नोंद होत नसेल तर तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तशी मी पोचपावतीसह पाठवली. पोच आली, दुसरे काही आले नाही.

पशुसंवर्धनाशी संबंधित एका कार्यालयाचा अनुभव याहून संतापजनक. कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांविषयी २०१७ साली केंद्राने केलेल्या नियमांनुसार ब्रीडरने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, नोंदी ठेवल्या पाहिजेत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये. हा माणूस नोंदणीकृत आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. एका टेबलाने सांगितले की हे काम आमचे नाही, दुसऱ्याने सांगितले की असे नियमच नाहीत, तिसऱ्याने आस्थेने विचारले की पिल्लू गाभण राहणार आहे का. ते नर आहे. शेवटी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि ‘सदर माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही’ अशा एका ओळीचे उत्तर मुदत संपता संपता मिळाले. नियम करायचे, नोंदणी केलेल्यांची यादी कुणाकडेच ठेवायची नाही, आणि मग फसलेल्या बाईला विचारायचे की तुम्ही चौकशी का केली नाही! चौकशी करायची कुणाकडे?

अखेर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, शिवाय वकील नसला तरी चालतो. पिल्लू, उपचार, शो आणि एक्स-रे मिळून ५४,६५० रुपये मागितले आहेत. विक्रेत्याला पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर सापडत नाही’ असा शेरा घेऊन परत आली. तो मात्र विक्रीच्या जाहिरातींत रोज सापडतो. परवा त्याच भाकड कुत्रीचा फोटो नव्या नावाखाली दिसला, ‘आईसह दाखवू’ असे खाली लिहिलेले, दर ३५,०००.

पिल्लू परत देणार का, असे बरेच जण विचारतात. देणार नाही, त्याने काही फसवलेले नाही, आणि मळ्यावर रात्री ते चांगले राखण करते. परंतु जत-विजापूर बाजूच्या शेडमधून गेल्या दीड-दोन वर्षांत ज्यांनी पेपर असलेले कारवान घेतले असेल त्यांनी आपल्या कुत्र्याची चिप या आठवड्यात तपासून घ्यावी. सारखीच तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि तिघे-चौघे एकत्र आले तर दिवाणी प्रकरण म्हणून हाकलून देणे ठाण्यालाही जड जाईल. मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, नोंदणीपत्राची प्रत आणि एक्स-रे जवळ ठेवा. त्याला आधी फोन करू नका, तो क्रमांक बदलतो.