देवगिरीचा लेखी खेळ चालवायला डिस्कॉर्ड कितपत कामाचं?

लेखी रोलप्ले म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि पाळीपाळीनं लिहीत गोष्ट पुढं न्यायची. संभाजीनगर, लातूर, परभणीचे खेळाडू जमवून १२९६ सालच्या अल्लाउद्दीनाच्या देवगिरीवरील स्वारीचा खेळ मांडायचा, तर व्हॉट्सॲप ग्रुप पुरत नाही. दोन सीन एकदम सुरू झाले की कोण कुणाला बोलतोय तेच कळत नाही. डिस्कॉर्ड या गटानं गप्पा मारायच्या ॲपवर हे फुकटात नीट जमतं. मात्र सूत्रधारानं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, आधी बसून सेटिंग करायला हवी.

सगळ्यात जास्त वेळ परवानग्यांना द्या. यादवांच्या गोटाला एक रोल (परवानग्या ठरवणारं लेबल), स्वारीच्या फौजेला दुसरा. गुप्त चॅनेलवर (गप्पांच्या वेगळ्या खोलीत) आधी 'एव्हरीवन'चं, म्हणजे सगळ्यांचं, 'व्ह्यू चॅनेल' बंद करा, मग त्या गोटाच्या रोलला सुरू करा. प्रत्येक सीनला वेगळा थ्रेड, म्हणजे चॅनेलमधलाच वेगळा धागा, काढा. हमखास घोळ होतो तो इथंच: थ्रेडमध्ये लिहायची परवानगी चॅनेलपेक्षा वेगळी असते. ती द्यायची राहिली, तर चॅनेलवर बोलणारा खेळाडू थ्रेडमध्ये गेला की त्याला टाइपच करता येत नाही. सूत्रधाराच्या खात्यावरून हे कळायचं नाही, त्याला सगळंच खुलं असतं. एखाद्या साध्या खात्यावरून तपासा. थ्रेड यादीतून जाण्याची मुदत एक आठवडा ठेवा. सोयाबीनची काढणी लागली की चार-चार दिवस कुणी फिरकत नाही. तरीही थ्रेड गेलाच, तर एक मेसेज टाकला की परत येतो.

फुकट खात्यावर मेसेजला २,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'देवगिरी' दिसायला चार अक्षरं, मोजणीत ७. म्हणजे एका पाळीत साधारण तीनशे शब्द. तेवढे भरपूर झाले. त्याहून लांब पाळीत समोरच्या पात्राला करायला काही उरत नाही.

पात्राच्या नावानं आणि चित्रासह बोलायला टपरबॉक्स हा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्रॅम) घ्या. त्याला वेबहुकची (दुसऱ्या नावानं मेसेज टाकायची सोय) आणि मेसेज पुसायची, अशा दोन्ही परवानग्या द्या. दुसरी राहिली तर तेच वाक्य दोनदा दिसतं.

खरी उणीव एडिटमध्ये आहे. मेसेज कधीही बदलता येतो. 'एडिटेड' असा शिक्का दिसतो, पण आधी काय लिहिलं होतं ते सूत्रधारालाही दिसत नाही. कृती जमली की फसली हे फाशावर ठरत असेल, तर फासा उलटा पडला की 'खंदकात उडी घेतली'चं 'खंदकापाशी थांबलो' व्हायला वेळ लागत नाही, आणि भांडणं इथूनच पेटतात. म्हणून खेळाडूचं कृतीचं वाक्य आपल्या मेसेजात उतरवून घ्या, मगच फासा टाका.

आख्खा सर्व्हर (आपल्या खेळाची डिस्कॉर्डवरची सगळी जागा) उतरवून घ्यायची सोय डिस्कॉर्डमध्ये नाही, हेही खटकतं. सीन संपला की त्याच दिवशी तो गूगल डॉकमध्ये चिकटवून ठेवा. नव्या सूत्रधारानं सहा खेळाडू आणि एका वेळी दोन थ्रेड, यापुढं जाऊ नये.